साउंड कार्ड की खिशातला प्लेअर? आधी ठरवा, ऐकणार कोण



घरात एकच लॅपटॉप असतो. तो चार-पाच वर्षांचा झाला की आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. इअरफोन लावला तर एका कानात ऐकू येते, दुसऱ्यात नाही. चार्जर जोडला की मागे गुणगुण चालू होते. ऑनलाइन तज्वीदच्या वर्गात उस्ताद म्हणतात, ‘बेटा, आवाज कट रही है.’ मग रात्री जेवताना चर्चा होते. भाईजान म्हणतो, लॅपटॉपला बाहेरून लावायचे साउंड कार्ड मिळते, ते आणू. अम्मी म्हणते, त्यापेक्षा एक छोटा प्लेअर आणा. दादींना तिलावत ऐकता येईल आणि मुलांचा सबकही होईल. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते असतात.

या महिन्यात याच प्रश्नाचा विचार करू. दिसायला तो बाजारातला लहानसा प्रश्न आहे. पण घरात कोणाच्या ऐकण्याची सोय होते आणि कोणाची राहून जाते, हे त्यावर ठरते. म्हणून तो दुकानाच्या काउंटरवर न सोडवता घरीच सोडवलेला बरा.

दोन वस्तू, दोन कामे

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. साध्या ऑडिओ सीडीत एका सेकंदासाठी आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात. या आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर करून त्या हेडफोनपर्यंत पोहोचवणे हे साउंड कार्डाचे काम. माइकमधून येणाऱ्या आवाजाचे आकडे करणे हेही त्याचेच काम. म्हणजे साउंड कार्ड हे लॅपटॉपचे तोंडही आहे आणि कानही.

आजच्या लॅपटॉपमध्ये वेगळे ‘कार्ड’ असे काही नसते. मुख्य पाटीवरच एक लहान चिप बसवलेली असते. ती काढून दुसरी बसवणे घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने व्यवहार्य नाही. म्हणून दुकानदार जे देतो ते यूएसबीच्या खाचेत लावायचे, अंगठ्याएवढे बाहेरचे कार्ड असते. ते लावले की लॅपटॉपची आतली चिप बाजूला राहते आणि आवाजाचे सगळे काम हे नवे कार्ड करते. साधी कार्डे काही शे रुपयांपासून मिळतात.

छोट्या प्लेअरमध्येही अशीच चिप असते. पण त्याच्याबरोबर बॅटरी, साठवणुकीची जागा आणि बटणे असतात. त्याला लॅपटॉप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. बाजारात त्याला ‘म्युझिक प्लेअर’ म्हणतात, पण त्यात काय भरायचे हे घराने ठरवायचे असते. तिलावत, नात, धार्मिक बयान, उर्दू गोष्टी, इंग्रजीचा पाठ, काहीही.

आता फरक लक्षात येईल. साउंड कार्ड लॅपटॉपला सुधारते. ज्याला लॅपटॉप उघडता येतो आणि ज्याला त्याच्यासमोर बसायला वेळ मिळतो, त्याचाच त्यातून फायदा होतो. प्लेअर लॅपटॉपला काहीच करत नाही. तो एका माणसाला स्वतःच्या मर्जीने ऐकण्याची सोय देतो. एकाचे काम दुसऱ्याकडून होणार नाही. दुकानात तुलना आवाजाच्या दर्जाची होते, पण घरात आधी गरज कोणाची हे पाहावे लागते.

खर्च करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

आवाज बिघडला म्हणजे साउंड कार्डच बिघडले, असे नसते. खालच्या गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट, तोच इअरफोन मोबाइलला लावून पाहा. तिथेही एका कानात आवाज येत नसेल तर दोष इअरफोनच्या तारेत आहे. पिनजवळची तार वाकून वाकून आतून तुटते. अशा वेळी कार्ड आणले तरी आवाज एकाच कानात येणार.

दुसरी, दुसरा चांगला इअरफोन लॅपटॉपला लावा. पिन अर्धवट बसते का, हलवल्यावर आवाज येतो-जातो का, ते पाहा. जॅकच्या भोकात खिशातला कापूस आणि धूळ साचते. लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने अलगद साफ करावी. सुई किंवा टाचणी घालू नये.

तिसरी, गुणगुण ऐकू येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर दोष चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा असण्याची शक्यता जास्त. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेला असेल तर आधी तो नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. विजेचा दोष असेल तर तो वायरमनकडून दुरुस्त करून घ्या. तो प्रश्न केवळ आवाजाचा नाही, घराच्या सुरक्षिततेचा आहे.

चौथी, सेटिंगमध्ये जाऊन आवाजासाठी कोणते साधन निवडले आहे ते पाहा. डावा-उजवा समतोल सरकलेला नाही ना, आवाज ‘सुधारणारे’ जादा परिणाम चालू नाहीत ना, तेही बघा. कधी कधी ड्रायव्हर पुन्हा टाकला की काम होते.

पाचवी, आवाज फक्त ऑनलाइन वर्गातच तुटतो आणि साठवलेली फाइल मात्र स्वच्छ वाजते, असे असेल तर दोष इंटरनेटच्या जोडणीत आहे. तेवढ्यासाठी कार्ड किंवा प्लेअर कशाचाच उपयोग नाही. वर्गाच्या वेळी लॅपटॉप राउटरजवळ किंवा मोबाइलच्या जवळ ठेवा आणि घरातले बाकीचे व्हिडिओ अर्धा तास बंद ठेवा.

या पाच पायऱ्यांनंतर बरेचदा खरेदीची गरजच उरत नाही. इसराफ टाळण्याची शिकवण आपल्याला आहे. इसराफ महागड्या वस्तूंतच होतो असे नाही. नको असलेली तीनशे रुपयांची वस्तू आणणे हाही इसराफच आहे.

आमच्या मुलांसाठी कान इतका महत्त्वाचा का

कोणी म्हणेल, आवाज थोडा कमी-जास्त असला तर काय बिघडले? इथे आम्हाला शिक्षक म्हणून थोडे बोलावेसे वाटते.

आपली बरीच मुले मराठी माध्यमात शिकतात. घरात कुठे दखनी बोलतात, कुठे कोकणी, कुठे मराठीच. त्यांचे डोळे देवनागरीला सरावलेले असतात. देवनागरीत ‘कल्ब’ असे लिहिले की ते एकच अक्षर-रूप दिसते. पण अरबीत मोठ्या काफने म्हटलेला कल्ब म्हणजे हृदय, आणि लहान काफने म्हटलेला कल्ब म्हणजे कुत्रा. मराठी लिपीत हा फरक दिसत नाही. तो कानानेच कळतो.

उर्दू माध्यमातल्या मुलांना अक्षरे वेगळी दिसतात, पण त्यांचीही अडचण आहेच. उर्दू बोलताना आपण से, सीन आणि साद ही तिन्ही अक्षरे एकाच ‘स’ने उच्चारतो. जाल, जे, जाद आणि जोय यांचीही तीच गत. उर्दूत ते चालते. कुरआनच्या तिलावतीत चालत नाही. तिथे प्रत्येक अक्षराचा मखरज वेगळा आहे. म्हणजे मूल कोणत्याही माध्यमाचे असो, त्याला हे उच्चार ऐकूनच शिकायचे आहेत, आणि पुन्हा पुन्हा ऐकायचे आहेत.

आता आवाजाच्या दर्जाचा मुद्दा. ‘स’सारख्या सुसकाऱ्याच्या अक्षरांची ओळख आवाजाच्या वरच्या पट्टीत असते, बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर. जुन्या पद्धतीच्या साध्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. म्हणून फोनवर नाव सांगताना ‘फ’ की ‘स’ असा गोंधळ होतो. अशाच आवाजातून मूल से आणि सीन यांतला फरक ऐकू पाहत असेल, तर फरक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. मग आपण म्हणतो, मुलाचे लक्ष नाही.

ब्लूटूथ हेडफोनबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसते ऐकताना त्याचा आवाज चांगला असतो. पण त्याचाच माइक चालू केला की बरेच हेडफोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज एकदम बोथट होतो. तज्वीदच्या वर्गासाठी साधा, तारेचा, माइकवाला हेडफोन बहुधा जास्त कामाचा ठरतो, आणि स्वस्तही पडतो.

साउंड कार्ड कोणी घ्यावे

ज्या घरात मूल लॅपटॉपवर रोज वर्ग करते, त्याला उस्तादांना स्वतःचे पठण ऐकवायचे असते आणि लॅपटॉपचा जॅक किंवा आतली चिप खरोखर बिघडलेली आहे, त्या घराला कार्ड उपयोगी आहे. प्लेअर इथे काहीच करू शकत नाही. तो उस्तादांचा आवाज साठवून ऐकवेल, पण मुलाचा आवाज उस्तादांपर्यंत नेणार नाही.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, पिन. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनवर तीन काळे पट्टे असतात. त्यात माइक धरलेला असतो. दोन पट्ट्यांची पिन नुसती ऐकण्याची. बऱ्याच स्वस्त कार्डांना दोन भोके असतात, एक हेडफोनचे आणि एक माइकचे. त्यात मोबाइलचा इअरफोन लावला तर ऐकू येईल, पण माइक चालणार नाही. मग एकाचे दोन करणारी वेगळी जोडतार घ्यावी लागते. शक्य असेल तर एकाच भोकात दोन्ही चालणारे कार्ड मागावे.

दोन, टाइप-सीची लहान जोडणी. दिसायला सगळ्या सारख्याच दिसतात. काहींच्या आत खरे कार्ड असते, काही नुसत्या तारा असतात आणि त्या बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाहीत. दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि लॅपटॉप सोबत नेऊन लावूनच घ्यावी.

तीन, यूएसबी हेडफोन. ज्या हेडफोनची तार थेट यूएसबीत जाते, त्याच्यातच कार्ड असते. घरात चांगला हेडफोन नसेलच, तर कार्ड आणि हेडफोन वेगवेगळे घेण्याऐवजी एकच यूएसबी हेडफोन घेतला तरी भागते.

कार्ड लावल्यावर सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी दोन्हीकडे नवे साधन निवडायला विसरू नये. वर्गाच्या अॅपमध्येही ते वेगळे निवडावे लागते. कार्ड लावूनही फरक पडला नाही, अशा तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आणि एक अपेक्षा ठेवू नये. मूळ फाइलच खराब असेल तर महागडे कार्डही तिला सुधारू शकत नाही. फॉरवर्ड होत होत आलेल्या, दाबून लहान केलेल्या क्लिपमध्ये जो आवाज गेला तो गेलाच. आधी चांगली फाइल मिळवा, मग यंत्राचा विचार करा.

प्लेअर कोणी घ्यावा

आता घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पाहू. दादींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असते किंवा व्हायचे असते. बारीक अक्षर दिसत नाही. फजरनंतर अर्धा पारा वाचायची आयुष्यभराची सवय असते, ती सुटते. मग त्या म्हणतात, ‘जरा यासीन लाव.’ कोणीतरी मोबाइल काढून देतो. मध्येच फोन येतो, तिलावत थांबते. जाहिरात येते. मुलाला शाळेत जायचे असते, तो मोबाइल घेऊन जातो. दोन-चार वेळा असे झाले की दादी मागणेच सोडून देतात. घरच्यांना वाटते, त्यांना आता आवड राहिली नाही.

अशा माणसाला लॅपटॉपचे साउंड कार्ड कितीही उत्तम आणले तरी त्याचा काय उपयोग? त्यांना हवे असते ते एक बटण, जे दाबले की आवाज सुरू होईल आणि ज्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागणार नाही. आम्हाला प्लेअरचे खरे मोल यात दिसते.

हिफ्ज करणाऱ्या मुलालाही प्लेअर उपयोगी पडतो. सबक पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी मोबाइल हातात दिला की पाच मिनिटांत बोट दुसरीकडे जाते. मुलाला दोष देऊन उपयोग नाही. ते यंत्र त्याच कामासाठी बनलेले आहे. साध्या प्लेअरमध्ये भरकटायला जागा नसते.

प्लेअर घेताना रंग आणि चकाकी सोडून पुढील गोष्टी पाहा. बटणे खरी, दाबता येणारी आणि बोटाला कळणारी असावीत, काचेवरची नकोत. बंद करून पुन्हा चालू केल्यावर जिथे थांबलो तिथूनच सुरू व्हावा. एक तुकडा निवडून तोच पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय असावी. हिफ्जला तिचा फार उपयोग होतो. आवाज रेकॉर्ड करता आला तर उत्तम. मूल स्वतःचे पठण ऐकून कारींच्या पठणाशी ताडून पाहू शकते. लहान स्पीकर असावा, कारण वयस्कर माणसांना कानात बोंडे खुपसलेली आवडत नाहीत. मेमरी कार्ड जास्तीत जास्त किती जीबीचे चालते, तेही विचारून घ्यावे.

जागेची चिंता नको. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलला एका मिनिटाला सुमारे एक एमबी लागते. संपूर्ण कुरआनची तिलावत पंचवीस-तीस तासांची धरली तर दोन जीबीच्या आत बसते. ३२ जीबीच्या कार्डात असे सुमारे ५०० तास मावतात. मोठ्या कार्डासाठी जादा पैसे मोजू नयेत.

भरताना घ्यायची काळजी

प्लेअर आणून दिला आणि काम संपले असे नाही. त्यात कोणीतरी नीट भरून द्यावे लागते. त्यासाठी घरातल्या मोठ्या मुलाचा किंवा मुलीचा रविवारचा एक तास पुरतो.

फाइलींची नावे आकड्यांनी सुरू करा आणि आकडे तीन अंकी ठेवा. सूरह फातिहाला ००१, कहफला ०१८, यासीनला ०३६, रहमानला ०५५, मुल्कला ०६७, असे शेवटच्या ११४ पर्यंत. नुसते १, २, ३ दिले तर बरेच प्लेअर १ नंतर १० आणि १०० वाजवतात, मग २ वर येतात. क्रम बिघडतो आणि ऐकणारा गोंधळतो. स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी किंवा उर्दू नावांच्या जागी चौकोन दिसतात. त्यामुळे नावात इंग्रजी आकडे आणि रोमन अक्षरेच ठेवलेली बरी.

रोज लागणाऱ्या सूरहांचा एक वेगळा फोल्डर करा. लहान मुलांसाठी अम्मा पाऱ्याचा वेगळा; त्यात नबापासून नासपर्यंत ३७ सूरह येतात. नात आणि बयान यांचे फोल्डर निराळे ठेवा, म्हणजे तिलावतीच्या मागोमाग अचानक दुसरेच काही सुरू होणार नाही.

कोणाची तिलावत भरावी, हा आवडीचा भाग आहे. पण शिकणाऱ्यासाठी संथ आणि स्पष्ट पठण हवे. मिसरचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनचे मुरत्तल ध्वनिमुद्रण झाले, आणि १९६४ मध्ये काहिराहून खास कुरआनसाठीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. ज्या घरांत कारी येऊ शकत नव्हता, तिथे त्यानंतर आवाज पोहोचू लागला. शेख हुसरी आणि शेख मिनशावी या दोघांचीही ‘मुअल्लिम’ म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीची ध्वनिमुद्रणे आहेत. मिनशावींच्या ध्वनिमुद्रणात तर त्यांच्यामागून मुले म्हणताना ऐकू येतात. लहान मुलांना हे फार आवडते. आपणही त्या वर्गात बसलो आहोत असे त्यांना वाटते.

अर्थात यंत्र उस्तादांची जागा घेत नाही. यंत्र बरोबर उच्चार ऐकवते, पण मुलाची चूक त्याला कळत नाही. सबक उस्तादांकडेच द्यावा; प्लेअर सरावासाठी.

घरातला जुना फोन

खरेदीपूर्वी कपाट उघडून पाहावे. पडून असलेला जुना स्मार्टफोन प्लेअरचे काम करू शकतो. सिम काढा, विमान मोड चालू करा, नको असलेली अॅप काढून टाका, मेमरी कार्डात फाइली भरा. पडद्यावर एकच मोठे चिन्ह ठेवा. हिफ्जच्या मुलासाठी किंवा घरकाम करताना ऐकणाऱ्या अम्मीसाठी एवढे पुरते.

दोन अडचणी मात्र आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांना काचेचा पडदा चालवणे कठीण जाते. आणि जुन्या फोनची बॅटरी फुगलेली असेल, मागचे झाकण उचललेले असेल, तर तो अजिबात वापरू नये, चार्जिंगला तर लावूच नये. तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.

कानही अमानत आहे

कार्ड असो की प्लेअर, आवाज शेवटी कानातच जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे थोडाच वाढवला असे वाटते, पण कानावरचा भार दुप्पट झालेला असतो.

घरी डेसिबल मोजायचे यंत्र नसते. त्यासाठी साधी खूण सांगतो. मुलाने इअरफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याला ऐकू आले नाही तर आवाज जास्त आहे. बाहेरचा गोंगाट दाबण्यासाठी आवाज वाढवण्यापेक्षा जागा बदलावी. इअरफोन लावून झोपण्याची सवय मोडावी.

वयस्कर माणसांनी आवाज सतत वाढवायला सांगितला तर केवळ बटण फिरवत राहू नये. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. कधी कानातला मळ काढला तरी फरक पडतो, कधी श्रवणयंत्राची गरज असते.

आणि शेजाऱ्याचाही हक्क आहे. भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणाची दहावी-बारावीची परीक्षा असेल, तर पहाटे स्पीकर मोठा लावणे योग्य नाही. कुरआनचे पठण चालू असताना लक्ष देऊन ऐकावे आणि शांत राहावे, ही शिकवण सूरह अल-आराफमध्ये आहे. तिलावत मागे चालू आणि पुढे गप्पा रंगलेल्या, यापेक्षा दहा मिनिटे ऐकून यंत्र बंद केलेले चांगले.

एकाच वस्तूचे पैसे असतील तर

पुन्हा त्या जेवणाच्या वेळच्या चर्चेकडे येऊ. पैसे एकाचेच आहेत, मग?

आमचे मत असे. आधी पाच मिनिटांची तपासणी करा. दोष इअरफोनचा निघाला तर तोच बदला आणि उरलेल्या पैशांत प्लेअर बघा. लॅपटॉपचा जॅक खरेच गेला असेल आणि मुलाचा रोजचा वर्ग त्यावर अवलंबून असेल, तर साधे कार्ड किंवा यूएसबी हेडफोन आधी घ्या. वर्ग बुडणे परवडणार नाही. या दोन्ही गोष्टींसाठी महागडा प्रकार लागत नाही. शिकण्यासाठी साधे कार्ड पुरते. महागड्या कार्डाचा फरक ऐकू यायला हेडफोनही तितकाच महाग लागतो.

पण लॅपटॉप कसाबसा चालतो आहे, फक्त आवाज ‘आणखी छान’ हवा आहे, म्हणून कार्ड घ्यायचे असेल, आणि त्याच घरात दादी मोबाइल मागायला संकोचत असतील, तर पैसे प्लेअरला द्यावेत. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्याकडे मोबाइलही आहे, ब्लूटूथ हेडफोनही आहे. त्याचे ऐकणे कुठेच अडलेले नाही. ज्याच्या हातात एकही साधन नाही, त्याचा हक्क आधी.

हा निर्णय भाईजानने घेतला तर जास्त चांगले. अम्मी-अब्बूंनी त्याला हुकूम करू नये, त्याच्यापुढे हिशेब मांडावा. मुले समजूतदार असतात. प्लेअर आणायला, तो भरायला आणि दादींना बटणे शिकवायला त्यालाच सांगावे. मोठ्या आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब, चालू-बंदच्या बटणावर दोन थेंब लावून द्यावेत. सुकले की बोटाला कळतात. चार्जिंगची पिन लावायची जबाबदारी धाकट्या मुलीने रोज मगरिबनंतर घ्यावी. दोन-तीन दिवस जवळ बसून शिकवावे, चुकले तर हसू नये.

दर महिन्याला एकदा दादींना विचारावे, आणखी काय ऐकायला आवडेल? एखादी जुनी नात, एखाद्या आलिमांचे बयान, नाहीतर परदेशी किंवा मुंबईला असलेल्या नातवंडांनी रेकॉर्ड करून पाठवलेली एखादी सूरह. ती फाइल प्लेअरमध्ये टाकून द्यावी.

अल्लाह आपल्या घरांत चांगले ऐकण्याची आणि ऐकलेल्यावर अमल करण्याची तौफिक देवो. आमीन.